मुतखड्याचं ऑपरेशन

जगदेवीनं माईकचं बटण दाबलं आणि जळकोट हा शब्द तिला सापडला नाही. मे महिन्यातली सकाळ, साडेदहाचा सुमार, लग्नसराईची गर्दी. लातूरच्या स्टँडवर फलाट सहाला उदगीरमार्गे जाणारी गाडी इंजिन सुरू ठेवून धडधडत उभी होती आणि गावाचं नाव समोरच्या तक्त्यावर चांगलं ठळक लिहिलेलं होतं. ती ते बघत होती. अक्षरं ओळखीची होती, ज आणि ळ आणि क, पण त्यांच्यातून आवाज निघेना. पंधरा वर्षं वाहक म्हणून तिकिटं फाडली, मग सात वर्षं या काचेच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या, असं कधी झालं नव्हतं. माईक चालू होता आणि स्टँडभर नुसती खरखर ऐकू जात होती. शेवटी जिभेवर जे आलं ते तिनं सोडून दिलं, "उदगीरमार्गे नीरकोटला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे." बाहेर कुणीतरी खो खो हसलं. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "म्याडम, ह्ये कुठलं नवीन गाव वसवलं?" तीही हसली. पण हसताना तिचा उजवा हात आपला आपण उडाला, कुणी दोरी ओढावी तसा, आणि स्टीलच्या ग्लासातलं पाणी तक्त्यावर सांडलं. पसरत जाणाऱ्या पाण्याकडे ती बघत राहिली. नीर म्हणजे पाणी. आईची भाषा. आई देवणीच्या पलीकडची, कर्नाटकातली. उन्हातून खेळून आलेल्या पोरांवर ओरडायची, नीरु कुडी, आधी पाणी प्या. जळचं नीर झालं होतं, एवढंच. पण मधली तीस-चाळीस वर्षं ओलांडून तो शब्द आत्ताच कसा वर आला, आणि हात का उडाला, हे तिला कळेना. भीती वाटली ती त्याचीच.

तसं अंगात काहीतरी चाललंय हे तिला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी उजव्या बरगडीखालून पाठीकडे फोडांची एक माळ उठली होती. पोलक्याचा काठ लागला तरी जीव कळवळायचा. सासूबाईंनी, नीलाबाईंनी, पदर बाजूला करून एकदाच पाहिलं आणि म्हणाल्या, "नागीण हाय ही." नागिणीचं तोंड आन शेपूट एका ठिकाणी आलं की माणूस जगत न्हाई, हे त्यांनी ऐकवलं, आणि मग जगदेवीच्या डाव्या कुशीतल्या जुन्या, वीतभर लांब व्रणाकडे बोट करून हळूच म्हणाल्या, "इकडून ही निघाली, तिकडं ते हाय. दोन्ही भेटले की संपलं." अहमदपूरकडच्या एका खेड्यात गेरू लावून नागीण उतरवणारा माणूस होता, त्याच्याकडे जायचं त्यांनी ठरवूनही टाकलं. पण चंद्रप्पानं, तिच्या नवऱ्यानं, जन्मात पहिल्यांदा आईचं ऐकलं नाही. भांड्यांचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून तो तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, नागीण-बिगीण काही नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंत झोपून राहतो आणि पन्नाशीला, ताणातणावात, कधीतरी उठतो. हे तिला आवडलं. एवढी वर्षं एखादी गोष्ट आत गप पडून राहते आणि एके दिवशी उठते, हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. मग त्यांनी पेन उघडलं, चंद्रप्पाकडे बघितलं आणि विचारलं, "यांना आधीचा काही आजार? ऑपरेशन वगैरे?" चंद्रप्पा म्हणाला, "मुतखड्याचं झालतं. लई दिवस झाले. आता काय न्हाई." जगदेवी स्टुलावर बसली होती. तिचं तोंड तिच्याजवळच होतं. ती काही बोलली नाही.

मुतखडा तिला कधीच झाला नव्हता. दोन हजार बारा साली धाकट्या भावाच्या, संगमेशच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा हैदराबादला जाऊन तिनं आपली डावी किडनी त्याला दिली होती. कागदावर नवऱ्याची सही लागत होती. चंद्रप्पानं सही केली आणि मग महिनाभर तिच्याशी बोलला नाही. नीलाबाई बोलल्या. घरची सून अवयव वाटत फिरते, उद्या काय डोळे देशील, लोक आपल्या पोरीबाळी या घरात देतील का. गावात, सोयऱ्यांत, शेजारीपाजारी काय सांगायचं हे त्या दोघांनी तिला न विचारता ठरवलं आणि ती टाके घेऊन परत आली तेव्हा मुतखडा तिच्याआधी घरी पोचलेला होता. बाया बघायला आल्या, खडा केवढा निघाला विचारू लागल्या. नीलाबाई बोटांनी माप दाखवायच्या. दर बाईगणिक खडा वाढत गेला. जगदेवीला तेव्हा मनातल्या मनात हसू यायचं. ठीक आहे, म्हणायची, तुम्ही खडा सांभाळा. माझं जे आहे ते किनवटला आहे. संगमेश किनवटच्या आश्रमशाळेत शिक्षक होता, बायकोला घेऊन वसतिगृहातच राहायचा, पोरांच्या दुधासाठी वरच्या लोकांशी भांडायचा. एकदा सहस्रकुंडावरून त्याचा फोन आला होता, मागं धबधब्याचा आवाज, पोरांचा कालवा, आणि तो ओरडून सांगत होता, "अक्का, तुझी किडनी बी भिजली बघ आज!" नऊ वर्षं तो असा जगला. मग करोना आला आणि पंधरा दिवसांत त्याला घेऊन गेला. तेराव्याला माहेरची एक चुलती तिच्या मांडीवर हात ठेवून म्हणाली, "गेली की ग बाई तुझी वाया." तेव्हाही ती गप बसली. नऊ वर्षं वाया कशी जातात, हे विचारायला हवं होतं. ते वाक्य नंतर तिच्या मनात कितीदा तयार झालं, भाकरी थापताना, गाडी पुकारताना, आणि दरवेळी ऐकायला समोर कुणी नव्हतं.

डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या, पांढऱ्या, मोठ्या, दिवसाला पाच, सात दिवस. दुखण्यासाठी वेगळ्या, दिवसाला तीन. मेडिकलवाल्यानं पट्ट्या कात्रीनं हव्या तेवढ्या कापून दिल्या. खोका आणि त्यातला सूचनांचा कागद त्याच्याकडेच राहिला. चंद्रप्पानं मोबाईलवर पाच गजर लावले. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. गजर वाजला की तो जिथं असेल तिथून फोन करायचा, "घेतली?" घरी असला तर गोळी तळहातावर ठेवून समोर उभा राहायचा. लग्नानंतरच्या सव्वीस वर्षांत त्यानं एवढी काळजी केलेली तिला आठवत नव्हती आणि त्या पाच गजरांची तिला थोडी लाजही वाटायची, थोडं बरंही. घोटभर पाण्यात ती गोळी गिळायची. घोटभरच. वाहक असल्यापासूनची ही सवय होती. गाडी वाटेत थांबायची तिथं पुरुष कुठंही आडोशाला जायचे. बाईनं कुठं जायचं? स्टँडवरच्या बायकांच्या मोरीला कडी नव्हती, बऱ्याचदा पाणीही नसायचं. म्हणून ड्युटीवर निघताना पाणी प्यायचं नाही, ड्युटीत ओठ ओले करण्यापुरतं, हे तिथल्या सगळ्या बाया एकमेकींना न सांगता शिकलेल्या. तीन दिवस रजा काढून चौथ्या दिवशी ती कामावर आली कारण सीझन होता आणि दोन माणसं आधीच सुटीवर होती. काचेच्या खोलीत पंखा गरम हवा फिरवत होता. सकाळपासून आपण बाथरूमला गेलोच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. सोय झाली, असंच तिला वाटलं.

स्टँडवरच्या माणसांनी घरी आणून सोडल्यावर दुपार कशी गेली हे तिला नीट सांगता येणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख जागची हलायची. स्वयंपाकघराच्या दारातून माणसं रांगेनं आत येत होती, डोक्यावर पेट्या, काखेत पोरं, आणि ओट्यापाशी थांबून तिच्याकडे तिकिटं मागत होती. तिला हेही कळत होतं की ती नाहीत, पण त्यांना नाही कसं म्हणणार, त्यांना लांब जायचं होतं. ती त्यांच्याशी बोलत होती, अर्धं मराठीत, अर्धं आईच्या भाषेत. हातापायांना मधूनच हिसका बसायचा. नीलाबाई दारात येऊन तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. "चढली डोक्यात," त्या म्हणाल्या. "तरी म्हणत होते. गोळ्यांनी कुठं नागीण उतरती का?" चंद्रप्पा घाबरला होता. दोनचा गजर वाजला तेव्हा त्यानं गोळी दिली आणि तिनं घेतली. मग तो फोनवर कुणाची तरी जीप मागू लागला, त्या खेड्याला जायला, आज सोमवार आहे का, माणूस घरी असंल का. हे सगळं तिला मोरीतल्या पाण्यातून ऐकल्यासारखं ऐकू येत होतं. येडी झाली, असं कुणीतरी म्हणालं. सासू की रांगेतली बाई, तिला ठरवता येईना. आणि त्या शब्दानं तिच्या आत एक कोपरा एकदम कोरडा झाला. मी येडी न्हाई. हे काहीतरी येतंय, बाहेरून येतंय, मी ते बघतेय. बघणारी मी अजून आहे. तिनं मोबाईल घेतला आणि बोटं उडत असताना तीन वेळा चुकून चौथ्यांदा दीपमालाला, संगमेशच्या बायकोला, नांदेडला फोन लावला. काय बोलली ते तिला आठवत नाही. दीपमालाचं आठवतं. नऊ वर्षं तिनं नवऱ्याची लघवी मापाच्या डब्यात मोजली होती, प्रत्येक गोळीचं नाव पाठ केलं होतं, कुठली गोळी किडनीला चालते आणि कुठली नाही हे ती मेडिकलवाल्यांना सांगायची. तिनं रडारड केली नाही. "वन्सं, लघवी कधी झाली?" तिनं विचारलं. जगदेवीनं आठवून आठवून सांगितलं, काल. "दुखायच्या गोळ्या चालू हायत? आन नागिणीच्या दिवसाला किती? पाच? वन्सं, ऐका. आता एक बी गोळी घ्यायची न्हाई. पट्ट्या हातात घ्या आन मोठ्या दवाखान्यात जा. आत्ता. गेल्या गेल्या सांगा की किडनी एकच हाय. म्हणा बरं माझ्यामागं." जगदेवी तिच्यामागं म्हणाली. पुन्हा म्हणाली. ते वाक्य तिनं मुठीत धरलं.

जीप आली तेव्हा नीलाबाईंनी तिचा दंड धरला आणि तिनं तो सोडवून घेतला. "मी दवाखान्यात जाणार," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, शब्द लडबडत होते. "अगं, तुला तोल ऱ्हाईना, काय दवाखाना करून राहिलीस," सासू म्हणाल्या. "आधी गेरू लावून येऊ, मंग जाऊ." तिनं फाटकाची सळई धरली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली. गल्लीतल्या बाया दारात आल्या. पदर खांद्यावरून घसरला होता, केस सुटले होते, हात हिसके देत होता. आपण कशा दिसत असू ते तिला दिसत होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला त्याचं काही वाटलं नाही. "न्यायचं तर दवाखान्यात न्या. न्हाईतर मी रिक्षानं जाते. रस्त्यानं रांगत जाते." चंद्रप्पा आईकडे बघत होता, मग तिच्याकडे, मग जीपवाल्याकडे. शेवटी त्यानं तिच्या काखेत हात घातला आणि जीपवाल्याला म्हणाला, "दवाखान्यात चल." अपघात विभागात पोचले तेव्हा तिथं एकाच वेळी तीन-चार रोगी आलेले, नातेवाइकांचा गोंधळ. पांढऱ्या कोटातल्या तरुण डॉक्टर मुलीनं चंद्रप्पाला विचारलं, "काय झालंय यांना?" आणि त्याचं तोंड उघडलं. जगदेवीला माहीत होतं तो काय सांगणार. तेरा वर्षं तो तेच सांगत होता. तिनं स्ट्रेचरचा दांडा धरला, उठून बसली, आणि तिला दुसरा कुठला आवाज सापडेना म्हणून जो सापडला तो लावला, बावीस वर्षांच्या नोकरीचा. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे," ती म्हणाली. सगळा वॉर्ड वळला. "मला किडनी एकच आहे. दुसरी माझ्या भावाला दिली. मुतखडा नाही. नागिणीच्या गोळ्या चालू आहेत, दिवसाला पाच. दुखायच्या तीन. कालपासून लघवी नाही. मी वेडी नाही." मग पट्ट्या तिनं पुढं केल्या. त्या हातातून उडून फरशीवर पडल्या आणि डॉक्टर मुलीनं खाली वाकून त्या उचलल्या, नाव वाचलं आणि मागं न बघता ओरडली, "सिस्टर, रक्त काढा, लवकर."

दोनदा डायलिसिस करावं लागलं. संध्याकाळच्या गाडीनं दीपमाला आली आणि उशाशी बसून राहिली. यंत्राचा आवाज दोघींनाही ओळखीचा होता. त्याच्या तालावर जगदेवीला मधूनच वाटायचं, शेजारी संगमेश झोपलाय, आत्ता म्हणेल, अक्का, जरा सरक. तिसऱ्या दिवशी रांगेतली माणसं निघून गेली. पेट्या उचलून एकेक करून गेली, आणि तिला त्यांची किंचित हळहळही वाटली. डॉक्टर मुलीनं तिला समोर बसवून सांगितलं, तिला, दुसऱ्या कुणाला नाही. गोळी वाईट नव्हती. गोळी योग्यच होती. पण ती लघवीवाटे बाहेर जाते. पाणी पोटात नाही, त्यात वेदनाशामक गोळ्यांचा किडनीवर ताण, आणि किडनी एक. गोळी साठत गेली आणि तिचा परिणाम मेंदूवर झाला. आधी माहीत असतं तर रक्त तपासून मात्रा ठरवली असती, दुखण्यावर दुसरं काही दिलं असतं. त्या दुपारी चंद्रप्पा कॉटच्या पायथ्याशी उभा होता. दीपमाला चहाला गेली तेव्हा तो जवळ आला. "मी येळेवर दिल्या गं," तो म्हणाला. "एक बी चुकू दिली न्हाई." तिला त्याची दया आली आणि त्या दयेखाली राग तसाच होता, विझलेला नव्हता, तिनं तो विझू दिला नाही. "हाव. येळेवर दिल्या," ती म्हणाली. "सांगायचं तेवढं सांगितलं न्हाई." तो खाली बघत म्हणाला, "लोक काय म्हणतील म्हणून मी..." "लोकांचं जाऊ द्या. मी बी गप बसले. तेरा वर्षं. माझ्याच पोटातलं, आन मीच गप." मग छताकडे बघत, जे कुणाला सांगायचं राहिलं होतं ते तिनं त्याला सांगितलं, "संगमेश नऊ वर्षं जगला. वाया न्हाई गेली. ह्यापुढं कुणी इचारलं तर मी हेच सांगणार. तुमाला लाज वाटली तर तुमी उठून जावा."

तीन आठवड्यांनी, किडनी सावरल्याचा रिपोर्ट हातात पडला त्या दिवशी, ती त्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेली. फोडांच्या जागी तपकिरी डाग राहिले होते आणि आतून अजून विजा चमकत होत्या, पण त्यासाठी ती आली नव्हती. "कशाला भांडायचं आता," चंद्रप्पा रिक्षात म्हणाला होता. तरी तो सोबत आला. दीड तासानं नंबर लागला. तिनं दवाखान्याची फाईल टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी पानं उलटली, एका पानावर थांबले, चष्मा काढून पुसला. "तुम्ही किडनीचं सांगितलं नव्हतंत," ते म्हणाले. "न्हाई सांगितलं," जगदेवी म्हणाली. "ती माझी चूक. पण इचारलं तुमी ह्यांना. रोग माझा, अंग माझं, स्टुलावर मी." "आणि पाणी भरपूर प्यायला मी सांगितलं होतं." "कुणाला?" बोलला तो चंद्रप्पा, दाराशी उभा राहून, हातातली पिशवी चुरगाळत. "मला सांगितलं होतं, डॉक्टरसाहेब. निघता निघता. मी इसरलो. आन मुतखड्याचं बी मीच सांगितलं. खोटं व्हतं ते." डॉक्टरांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली, एका कोऱ्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, हे तिला दिसत होतं. बाहेर चाळीस माणसं बसली होती आणि नवऱ्याला विचारलं की उत्तर लवकर मिळतं. "माझ्याकडूनही राहिलं," ते म्हणाले. मग सवयीनं त्यांचा हात घंटीवर गेला.

पुढची रोगी आत आली. एक वाळकी म्हातारी, कोपराशी पदर घट्ट धरलेला, आणि तिच्यापुढं चार पावलं तिचा म्हातारा. जगदेवी स्टुलावरून उठली आणि भिंतीशी असलेल्या खुर्चीत जाऊन बसली. "अजून काही?" डॉक्टरांनी विचारलं. "न्हाई. जरा बसते." म्हातारी स्टुलावर टेकली. डॉक्टरांनी पेन उघडलं, मान वर केली, नजर म्हाताऱ्याकडे गेली आणि तिथून परत फिरली. त्यांनी खुर्ची वळवून म्हातारीसमोर आणली. "मावशी, काय होतंय तुम्हाला?" म्हातारीनं नवऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं खाकरून घसा साफ केला, "तिला की न्हाई साहेब, गेल्या..." "बाबा, तुमाला न्हाई," जगदेवी म्हणाली. "त्यानला इचारलंय." म्हातारी डॉक्टरांकडे बघत राहिली, मग जगदेवीकडे, आणि कोपरावरची तिची मूठ हळूहळू सैल झाली.

"सगळं सांगू?" तिनं विचारलं.

"सगळं सांगा," डॉक्टर म्हणाले.

"मंग ह्यानला जरा भायेर बसवा."